स्पिती लूप: किन्नौरकडून चढायचं की मनालीकडून? (इंदूर ते इंदूर)

चोरल_काठचा:
नमस्कार मंडळी. जूनमध्ये मी आणि मामेभाऊ बाइकने हिमाचलातल्या स्पितीला निघतोय, माझी जुनी हिमालयन 411, त्याची 200 सीसीची एक्सपल्स. एबी रोडने ग्वाल्हेर-आग्रा करत वर जायचं इथवर एकमत, पुढे भांडण. तो म्हणतो मनालीहून अटल टनेल, ग्रांफू, कुंझुम खिंड करत स्पितीतलं काझा गाठू आणि किन्नौरातून उतरू, खरा ऑफरोड अंगात दम आहे तोवर उरकतो. मी म्हणतो उलटं. आई म्हणते दोघंही घरी बसा. ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

पलासिया_पंक्चर:
भिया, मामेभावाला आकडे दाखव. मनाली 2050 मीटर, कुंझुम साडेचार हजारच्या वर, आणि हे एका दिवसात. आम्ही हाच शहाणपणा केला होता, कुंझुमच्या अलीकडे बातलच्या ढाब्यावर चहाचा घोटसुद्धा पोटात ठरेना आणि डोकं असं ठणकत होतं की हेल्मेट घालवेना, शेवटी जोडीदाराने दोन्ही गाड्या आळीपाळीने पुढे नेल्या, मी मागे पायी. किन्नौरातून गेलं की कल्पा तीन हजारच्या आत, मग नाको, मग काझा साडेतीन हजारच्या वर, अंगाला सवय होत जाते. शिवाय काझाच्या बाजूने, लोसर गावाकडून, कुंझुमचा चढ सौम्य आहे, बातलकडून उभी वळणं, त्या विरळ हवेत लोडेड 200 सीसी रडते.

नाल्यातला_बूट:
वरचं सगळं मान्य पण पाण्याचं कोणीच बोलत नाहीये. बातल ते ग्रांफू रस्त्यावर जे नाले येतात ते वितळलेल्या बर्फाचे, ऊन चढलं की पाणी चढतं, सकाळी घोट्याएवढं असतं तेच दुपारी गुडघ्याला लागतं. मनालीहून पहाटे निघालं तर ते सकाळी सकाळी पार होतात, हा मुद्दा मामेभावाला द्यावाच लागेल. काझाहून नाश्ता-बिश्ता करून निघालात तर बरोब्बर दुपारी तिथे पोचणार. म्हणून काझाहून थेट मनाली नाही, रात्र लोसरला, उजाडताच सुटायचं. आणि नाल्यात शिरायच्या आधी एकाने पायी जाऊन तळ चाचपायचा, बूट भिजतात तर भिजू दे, पाण्याखालचा गोटा वरून दिसत नाही. मग पहिला गियर, रेस एकसारखी, नजर पलीकडच्या काठावर. समोरच्या चाकाकडे बघितलं की गेलास.

सराफा_नाईट:
अजून एक, जूनच्या सुरुवातीला जात असाल तर कुंझुम उघडलाय का ते निघताना बघा. बंद असला तरी किन्नौरकडून काझा होतंच, फार तर त्याच रस्त्याने परत. मनालीकडून गेलात आणि बंद मिळाला तर स्पितीचा सही रे सही भोपळा. काझात टाकी फुल करा, पुढे मनालीपर्यंत दोनेकशे किलोमीटर भरोशाचा पंप नाही आणि पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये गाडी पेट्रोल पिते. जुलैपर्यंत मात्र ढकलू नका, पावसात किन्नौरात वरून दगड येतात.

चोरल_काठचा:
आभार सगळ्यांचे. किन्नौर ठरलं, लोसरचा मुक्कामही. मामेभाऊ अजून फुगलेलाय, त्याची अट एकच, नाल्यात आधी मी पायी उतरायचं. रविवारी चोरलला सरावाला जातोय, नदीत सध्या पाणी कुठलं, पण गोटे भरपूर आहेत.