गुडघ्यांची झीज आणि फरशी बसवण्याचं काम : मदत हवी आहे

नीराकाठ
मोठ्या भावासाठी विचारते आहे. वय ४९, उंची ५ फूट ६ इंच, वजन ८४ किलो. पुण्यात नवीन इमारतींमध्ये फरशी बसवतो. २×२ आणि २×४ फुटी व्हिट्रिफाइड, शिवाय बाथरूमचे डॅडो (भिंतीवरच्या फरश्या). उजवा गुडघा आतल्या बाजूने जास्त दुखतो. सकाळी दहा-पंधरा मिनिटं आखडलेला असतो, मग सुटतो. उकिडवं बसून उठताना आणि जिना उतरताना सर्वांत जास्त त्रास होतो. उभं राहून काढलेल्या एक्स-रेत झीज उजवीकडे ग्रेड ३, डावीकडे ग्रेड २. "आतला गॅप कमी झालाय" असं सांगितलं. पाय गुडघ्यात थोडे बाहेर वाकलेत. शिवाय उजव्या वाटीवर मऊ सूज आहे.

बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० रोज चालू. शुगर नाही. दुखलं की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी आणतो, हल्ली रोज दोन होतात. दिवाळीपर्यंतची कामं अंगावर घेतलेली आहेत, त्यामुळे "काम सोडा" हा सल्ला सध्या उपयोगाचा नाही. काम करत राहिलं तर झीज वाढेल का? नी-पॅड कोणते घ्यावेत? गोळ्या अशा चालतील का?

सांधेजोड
ताई, आधी त्या सुजेबद्दल. वाटीच्या पुढे, कातडीखाली सूज असेल तर ती सांध्यातली नाही. वाटीवर एक पातळ पिशवी असते, ती सतत गुडघे टेकून सुजते. फरशीवाल्यांत हे नेहमीचं. झिजेचा आणि तिचा उपाय वेगळा. सूज उतरेपर्यंत उजवा गुडघा जमिनीला टेकवायचा नाही. संध्याकाळी कापडात गुंडाळलेला बर्फ १५ मिनिटं. सूज लाल, गरम झाली, ताप आला किंवा जवळपास जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कारण पिशवीत पू होऊ शकतो. असा गुडघा कोणाकडूनही चोळून घेऊ नका.

आता व्यायाम. मांडीचा पुढचा स्नायू आणि नितंबाचा बाजूचा स्नायू हे दोन तयार झाले की सांध्यावरचा धक्का ते झेलतात. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून गुडघा खाली दाबायचा, ५ ते १० सेकंद धरायचा, असं १० वेळा. मग उताणं झोपून एक पाय गुडघ्यात दुमडायचा, दुसरा सरळ ठेवून फूटभर उचलायचा, ५ सेकंद धरून सावकाश खाली. तिसरा, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ वर. टाच किंचित मागे ठेवायची, नाहीतर काम भलताच स्नायू करतो. प्रत्येकी १० वेळा, सकाळ-संध्याकाळ. दोन आठवड्यांनी उंच खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. खुर्ची बुटकी घेतली की नेमका दुखणारा कोन येतो, म्हणून सुरुवातीला सीटवर उशी ठेवा.

फरक दिसायला ६ ते ८ आठवडे लागतात आणि बहुतेक जण तिसऱ्या आठवड्यात सोडून देतात. व्यायामानंतर थोडं दुखलं तरी चालतं, मात्र २४ तासांत ते मूळच्या पातळीवर यायला हवं. नाही आलं तर आकडा निम्मा करा, बंद करू नका.

ओळंबा
कामाच्या बाजूने लिहितो. दादांचा गुडघा पूर्ण दुमडलेला किती वेळ राहतो ते मोजा. फरशी प्रत्यक्ष बसवायला लागतो त्याहून बराच वेळ इतर गोष्टींत उकिडवं बसून जातो, आणि तो सगळा वाचवता येतो.

कटर जमिनीवर ठेवून कापणं पहिलं बंद करा. दोन घोडे (चार पायांचे टेकू) आणि फळी लावून कटर कमरेच्या उंचीवर, म्हणजे ८५ ते ९० सेंटिमीटरवर घ्या. २×४ ची फरशी फळीबाहेर लोंबते, म्हणून शेजारी त्याच उंचीचा टेकू हवा, नाहीतर शेवटच्या दोन इंचांत टवका उडतो. केमिकल (फरशी चिकटवायचा माल) घमेल्यात थापीने कालवण्याऐवजी बादलीत, ड्रिलला पॅडल लावून उभ्याने. जॉइंट भरायला लांब दांड्याचं रबर आणि पुसायला दांड्याचा स्पंज मिळतो. लेव्हलसाठी लेझर स्टँडवर लावला की दर वेळी वाकून दोरी बघावी लागत नाही.

खोकी जमिनीवर रचू नका, दोन-अडीच फुटांच्या ओट्यावर रचा. २×२ चं चार नगांचं खोकं २८-३० किलो भरतं. ते फोडून दोन-दोन नग न्या. २×४ चा एकच नग १५ किलोच्या आसपास असतो, तो दोघांनी सक्शन कपने उचलायचा. कपाखाली धूळ राहिली तर पकड सुटते, म्हणून आधी ओलं फडकं. जिन्याने ओझं वाहणं सध्या दादांनी करूच नये. रिकाम्या हातानेही चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी.

नी-पॅड : मागे पट्टा आवळणारे स्वस्त पॅड गुडघ्यामागे काचतात. पँटच्या खिशात बसणारे किंवा दोन रुंद पट्ट्यांचे, पट्टे पोटरी-मांडीवर येणारे घ्या. खाली ३०-४० मिलिमीटर जाडीची घट्ट फोमची पाटी वेगळी ठेवा. अंगठ्याने दाबल्यावर तळ लागला तर तो फोम बिनकामाचा, गादीचा फोम असाच असतो. दुपारी पॅड झटका. आत शिरलेला एक खडा दिवसभर वाटीत टोचतो. आणि ओल्या मालात गुडघा टेकवू नका. सिमेंट ओलं असताना तीव्र अल्कधर्मी असतं. भिजलेलं पॅड तासभर राहिलं तर कातडी भाजते आणि ते संध्याकाळपर्यंत कळत नाही.

पूर्ण उकिडवं बसण्यापेक्षा ८-१० इंचांचं स्टूल बरं, त्याने अंगाचं वजन गुडघ्यावरून उतरतं. २० मिनिटं खाली, मग २-३ मिनिटं उभं राहून आखणी, कटिंग, डॅडोचे मधले थर. तळातले थर आणि स्कर्टिंग हेल्परकडे द्या.

मात्रा
गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगते, कारण इथे खरा धोका आहे. टेल्मिसार्टन आणि रोजचं डायक्लोफेनॅक एकत्र म्हणजे मूत्रपिंडावर दुहेरी ताण. त्यात साइटवर दिवसभर घाम आणि पाणी कमी. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही असेल तर धोका आणखी वाढतो. स्ट्रिपवर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन लिहिलंय का बघा. डायक्लोफेनॅकने बीपीसुद्धा चढतं, मग लोक बीपीची गोळी वाढवत बसतात. टेल्मिसार्टन स्वतःहून बंद करायची नाही. दुखण्याची गोळी थांबवा, या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम त्यावरून कळतं) आणि पोटॅशियम तपासा. शौच काळं झालं तर वाट बघू नका, दवाखाना गाठा.

त्याऐवजी डायक्लोफेनॅकचं जेल. लोक वाटाण्याएवढं लावतात आणि गुण नाही म्हणतात. एका गुडघ्याला एका वेळी २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा लागतं. ३० ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरत असेल तर मात्रा कमी पडते आहे. रक्तात फार थोडं जातं, तरी क्रिएटिनिन वाढलेलं निघालं तर जेलसुद्धा डॉक्टरांना विचारूनच. फुटलेल्या किंवा सिमेंटने भाजलेल्या कातडीवर लावू नका, वरून शेकू नका.

पुड्या बांधून देणाऱ्यांकडे मात्र जाऊ नका. दोन दिवसांत चमत्कार दाखवणाऱ्या पुडीत बऱ्याचदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं.

नीराकाठ
सूज वाटीच्या पुढेच आहे, लाल नाही, ताप नाही. कटर जमिनीवरच असतो, ते बरोबर ओळखलंत. कोणी इंजेक्शन घ्या म्हणतंय, कोणी सांधा बदला. त्याबद्दल कोणी सांगेल का?

अस्थिविचार
ताई, काम आणि झीज यांचा संबंध खरा आहे. जर्मनीत २००९ पासून गुडघ्याची झीज व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. अट अशी, की आयुष्यभरात किमान १३,००० तास गुडघे टेकून किंवा उकिडवं, आणि पाळीत किमान एक तास. रोज ४ तास आणि वर्षाला २८० दिवस धरले तर साडेअकरा वर्षांत तेवढे तास भरतात. म्हणून ओळंबांनी सांगितलेली तासांची कपात हाच मुख्य उपचार समजा. चालणं, उभं राहणं बंद करायची गरज नाही. आराम करून स्नायू गळतात आणि गुडघा आणखी दुखतो. वजन ५ किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण २० किलोने कमी होतो.

स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवड्यांचा दिलासा देतं. दुखणं थांबलं म्हणून दुप्पट काम केलं तर नुकसानच. वारंवार घेऊ नये. पीआरपीवर (स्वतःच्याच रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन) खर्च करण्याआधी हे लक्षात घ्या : २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या चाचणीत ते सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरलं नाही.

सांधा बदलल्यावर चालणं छान होतं, पण गुडघे टेकून फरशी बसवणं बहुतेकांना जमत नाही, आणि ४९ व्या वर्षी बसवलेला सांधा पुढे पुन्हा बदलावा लागण्याची शक्यता जास्त. झीज फक्त आतल्या बाजूला असेल आणि पाय बाहेर वाकला असेल, तर नडगीचं हाड वरच्या टोकाला कापून पाय सरळ करण्याची शस्त्रक्रिया असते. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या साठीच्या आतल्या माणसासाठी हा पर्याय जरूर विचारा. स्वतःचा सांधा राहतो. मात्र हाड जुळायला तीनेक महिने आणि जड कामाला त्याहून जास्त वेळ लागतो. तंबाखू, विडी असेल तर आधी सोडावी लागते, तिने हाड उशिरा जुळतं. दाखवायला जाताना नितंबापासून घोट्यापर्यंतचा, उभ्याने काढलेला पूर्ण पायाचा एक्स-रे न्या. नुसत्या गुडघ्याच्या फिल्मवर हा निर्णय होत नाही. गुडघा मध्येच अडकून सरळच होत नसेल तर तेही सांगा, त्यात सांध्यातली कूर्चेची गादी फाटलेली असू शकते.

ओळंबा
एक राहिलं. दादांची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी नसेल तर आत्ताच करून घ्या. वय १८ ते ६० आणि मागच्या वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार दाखला द्यायला टाळाटाळ करतात, म्हणून हिशेब करायच्या आधी मागा, पैसे चुकते झाल्यावर फोन उचलत नाहीत. नूतनीकरण चुकलं तर मदतीचा अर्ज अडतो, तेव्हा तारीख घरातल्या कोणीतरी लिहून ठेवा.