मागचा स्पॉयलर: कामाचा की नुसता रुबाब?

कोथरूडचा_क्लच (धागाकर्ता):

पोर्शच्या अधिकृत आकड्यांनी डोक्याचा भुगा केलाय. ९११ जीटी३, ९९२ पिढीतली: ५१० अश्वशक्ती, टॉप स्पीड ताशी ३१८ किमी. तिचीच सख्खी बहीण जीटी३ आरएस: ५२५ अश्वशक्ती, मागे खाटेएवढी विंग, आणि टॉप स्पीड २९६. ताकद १५ ने वाढली, वेग २२ ने घटला. मग ती विंग 'परफॉर्मन्स'साठी आहे असं कशाच्या जोरावर म्हणतात?

दुसरा प्रश्न आपल्या पातळीवरचा. साधी सेडान, फ्रंट व्हील ड्राइव्ह, वजन ११५० किलो, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) अडीच मीटर. अ‍ॅक्सेसरीच्या दुकानात १४०० मिमी लांब, २५० मिमी रुंद पात्याची अ‍ॅल्युमिनियम विंग मिळते. वापर हायवे, समृद्धी, आणि कधीतरी कोइम्बतूरचा करी ट्रॅक. काही फायदा, की नुसतं ओझं? आणि डिकीच्या झाकणावर डबल टेपने चिकटवली तर चालते का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावं. 'भारी दिसते' हे माहीत आहे.

वायुवेग:

आधी दोन वस्तू वेगळ्या करू, दुकानदार दोन्हीला स्पॉयलरच म्हणतो.

स्पॉयलर बॉडीला चिकटून असतो, खालून हवा जात नाही. त्याचं काम हवेची वाट बिघडवणं. उतरत्या पाठीच्या गाडीवर हवा छतावरून काचेच्या उताराला धरून खाली वळते. वळताना तिथला दाब कमी होतो आणि गाडीचा मागचा भाग वर ओढला जातो. टोकाला छोटी शेपटी दिली की हवेला ते वळण पूर्ण करता येत नाही, शेपटीच्या पुढे काचेवर दाब वाढतो आणि लिफ्ट, म्हणजे वर उचलणारा जोर, घटते. १९७२ ची ९११ कॅरेरा आरएस २.७ आठवा. तिची ती बदकाची शेपटी हेच करायची.

विंग म्हणजे उलटं केलेलं विमानाचं पातं. वरून-खालून दोन्हीकडून हवा हवी, म्हणून ती उंच पायांवर. विंग खरोखर खाली दाबते. स्पॉयलर बहुतेक वेळा वर उचलणं फक्त कमी करतो. यातच अर्धा वाद मिटतो: कंपनीच्या स्पॉयलरचा हेतू वेग नसतो, गाडी मागून हलकी होऊ नये हा असतो.

हे कागदी नाही. पहिली ऑडी टीटी १९९८ मध्ये आली, गुळगुळीत पाठीची, स्पॉयलरशिवाय. जर्मनीच्या ऑटोबानवर मोठ्या वेगात अचानक लेन बदलताना मागची बाजू सुटून जीवघेणे अपघात झाले. १९९९-२००० मध्ये कंपनीने गाड्या परत बोलावल्या. सस्पेन्शन बदललं, ईएसपी (घसरती गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा) दिलं आणि डिकीवर एक छोटा स्पॉयलर लावला. फक्त स्पॉयलरने सगळं सुटलं असं नाही, पण तो शोभेसाठी नक्कीच नव्हता.

आता जीटी३ आरएस. अधिकृत डाऊनफोर्स, म्हणजे हवेचा खाली दाबणारा जोर, ताशी २०० किमीला ४०९ किलो, २८५ ला ८६० किलो. गाडी १४५० किलोची. म्हणजे २०० च्या वळणात टायरवर २८ टक्के जादा दाब, आणि वळवायचं वस्तुमान मात्र तेवढंच. (डिकीत वाळूची पोती टाकूनही दाब वाढतो, पण ती पोती वळणात बाहेर फेकली जातात. हवा फेकली जात नाही.) जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंग ट्रॅकच्या २०.८३२ किमीच्या फेरीला जीटी३ ने ६ मिनिटं ५९.९२७ सेकंद घेतले, आरएसने ६ मिनिटं ४९.३२८. टॉप स्पीड २२ ने कमी असूनही दहा सेकंद आधी. अर्थात आरएसमध्ये सस्पेन्शनसकट बरंच वेगळं आहे, सगळे दहा सेकंद विंगच्या खात्यात टाकू नका.

आणि नुसता टॉप स्पीड हवा असेल तर विंग झोपवतात. बुगाटी वेरॉन विंग वर असताना ३७५ ला थांबते. वेगळी किल्ली फिरवून विंग जवळजवळ आडवी केली की ४०७.

ट्रॅकचा_हिशेब:

वायुवेग यांच्याशी सहमत. धाग्यातल्या विंगचे आकडे मी मांडतो.

दाब = अर्धा × हवेची घनता × वेगाचा वर्ग × पात्याचं क्षेत्रफळ × लिफ्टचा गुणांक. घनता १.२, क्षेत्रफळ १.४ × ०.२५ = ०.३५ चौरस मीटर, गुणांक १.० धरला. सेडानच्या झाकणावर, छताच्या आडोशात बसणाऱ्या विंगला १.० म्हणजे मी उदार झालोय.

ताशी ६० ला ६ किलो. ८० ला साडेदहा. १०० ला साडेसोळा. १२० ला २४. १६० ला ४२. २०० ला ६६.

पाय, ब्रॅकेट, बोल्ट धरून विंगचं स्वतःचं वजन पाच-सहा किलो. म्हणजे ६० च्या वळणात ती जेवढी जड तेवढीच दाबते. करीसारख्या आखूड, वळणावळणांच्या ट्रॅकवर बराच वेळ हाच प्रकार. ६० मीटर त्रिज्येचं वळण घ्या. चांगल्या टायरवर तिथे वेग साधारण ८७ मिळतो, विंग साडेबारा किलो देते. ड्रायव्हरसकट १२२० किलोच्या गाडीत ती पकडीची एक टक्का वाढ, वेगात अर्धा टक्का, म्हणजे अर्धा किमीही नाही. टायरची हवा दोन पीएसआयने चुकली तर याहून जास्त जातं.

उलट बाजू ड्रॅगची, म्हणजे हवेच्या विरोधाची. विंगचा ड्रॅग गुणांक ०.१५ धरला तर गाडीच्या एकूण हवेच्या विरोधात साधारण साडेसात टक्के भर. १०० ला जेमतेम एक अश्वशक्ती, १६० ला पावणेचार. टॉप स्पीड २०० असेल तर १९५ च्या आसपास येईल.

पण खरी मेख समतोलात आहे, आणि हे दुकानात कुणी सांगत नाही. विंग मागच्या चाकांच्याही मागे असते. तिचा मध्य मागच्या एक्सलपासून पाऊण मीटर मागे धरा. १६० ला ४२ किलो दाब त्या टोकावर पडला की सी-सॉसारखी पुढची बाजू उचलली जाते: ४२ × ०.७५ ÷ २.५ = साडेबारा किलो. शिवाय विंगवरचा सहा किलोचा ड्रॅग १.३ मीटर उंचीवरून गाडीला मागे ओढतो, त्याचे आणखी तीनेक. म्हणजे मागे ५८ किलो वाढले आणि पुढचे १६ किलो गेले. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये ओढायचं, वळवायचं आणि ब्रेकचं मोठं काम पुढच्याच टायरचं. वेगाच्या वळणात स्टिअरिंग दिलं तरी नाक बाहेर जायला लागतं, म्हणजे अंडरस्टिअर.

म्हणून आरएसकडे बघताना फक्त विंग बघू नका. पुढच्या रेडिएटरची जागा, नाकाखालची हलणारी पाती, फेंडरवरच्या जाळ्या हे सगळं पुढचा दाब निर्माण करायला आहे. त्यासाठी पुढची डिकीसुद्धा गमावली आहे. निम्मं काम नाकाखाली होतं, फोटोत मात्र विंगच येते.

घाटवळण:

'फ्रंट व्हील ड्राइव्हला विंग म्हणजे मूर्खपणा' असा अर्थ कुणी काढू नये. ट्रॅकसाठी बांधलेल्या अशा गाड्यांत मागचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलू न देणारी दांडी) मुद्दाम कडक करतात, म्हणजे हळू वळणात मागची बाजू पटकन फिरते. तोच सेटअप १५० च्या वळणात घाबरवतो. तिथे विंग मागची बाजू धरून ठेवते. हळू वळणाला अँटीरोल बार, वेगाच्या वळणाला विंग, अशी ती जोडी आहे. पण हे बुद्ध सर्किटसारख्या लांब सरळींच्या ट्रॅकवर. साध्या सस्पेन्शनच्या गाडीवर नुसती विंग म्हणजे आधीच असलेल्या अंडरस्टिअरला खतपाणी.

पाना_दहा_अकरा:

डबल टेपच्या प्रश्नाचं उत्तर: टेपने ओठासारखा छोटा स्पॉयलर चालतो. विंग नाही.

छोट्या स्पॉयलरसाठी व्हीएचबी टेप (जास्त पकडीची दुहेरी टेप). जागा शाम्पूने धुवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मेण किंवा सिरॅमिक कोटिंग असेल तर त्या पट्ट्यातून पूर्ण काढा, टेप कोटिंगला चिकटते आणि कोटिंगसकट निघते. पत्रा कोमट असावा, थंडीतल्या पहाटे हे काम करू नका. मास्किंग टेपने खुणा करून एकदा कोरडा बसवून बघा. चिकटवल्यावर हाताच्या टाचेने मध्यापासून कडांकडे दाबत जा. पूर्ण ताकद यायला ७२ तास, तोवर प्रेशर वॉशिंग नाही. टोकं आधी सुटतात, कारण स्पॉयलरची वक्रता डिकीशी जुळत नसते आणि टेप कायम ताणात राहते. कोरडा ठेवल्यावर टोकाला दोन मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर तो पीस परत करा.

विंगचं वेगळं. डिकीचा बाहेरचा पत्रा पाऊण मिमीच्या आसपास. दोन पायांखाली दाब एकवटतो, वर हवेच्या झटक्यांनी विंग सतत थरथरते. आधी बोल्टभोवती रंगाला केसाएवढी चीर, मग पत्रा खोलगट, मग पाणी, मग गंज. बसवायचीच तर:

पाय झाकणाच्या आतल्या फ्रेमवर येतील तिथेच. आतून तीन मिमी अ‍ॅल्युमिनियमची तळहाताएवढी प्लेट, प्रत्येक पायाला निदान तीन एम ६ बोल्ट, नायलॉक नट (थरथरीने सैल न होणारे). भोक पाडल्यावर कडेचा कीस काढा, झिंक प्रायमर, वर टचअप, मग सीलंट. वायसर आणि रंग यांच्यामध्ये रबर. अ‍ॅल्युमिनियम आणि लोखंड थेट भिडू देऊ नका, कोकणच्या हवेत तर नाहीच. पन्नास किमीनंतर नट पुन्हा तपासा.

मग वाळूच्या पिशव्यांनी चाचणी. टॉप स्पीडला जेवढा दाब अपेक्षित, त्याच्या दुप्पट वजन विंगवर पसरून ठेवा. झाकण वाकलं, कडेच्या फटी बदलल्या, तर ती विंग त्या झाकणावर नको. रेसमध्ये पाय झाकणातून खाली थेट चॅसिसवर नेतात ते यासाठीच. नाहीतर दाब बिजागऱ्या, लॉक आणि रबरावर जातो, टायरपर्यंत अर्धवट पोचतो.

अवांतर: पाच-सहा किलो वाढल्यावर झाकण उघडं राहत नाही, डोक्यावर येतं. गॅसचे रॉड त्या हिशेबाने बदला.

आरसा_उजवा:

दोन गोष्टी राहिल्या. काचेतला तिसरा ब्रेक लाइट विंगने झाकला जातो का, हे मागच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या उंचीवरून बघा, उभं राहून नाही. आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२: मूळ रचनेशी विसंगत बदल चालत नाहीत. इन्शुरन्सला आधी लेखी कळवा, क्लेमच्या वेळी नाही. विंगची टोकं बॉडीबाहेर येत असतील तर विषय तिथेच संपवा, पार्किंगमध्ये कुणाच्या तरी कपाळाला लागतील. जर्मनीत राहणाऱ्यांनी त्या सुट्या भागाचं मान्यतापत्र असल्याशिवाय हात लावू नये, टीयूव्हीत, म्हणजे तिथल्या वाहन तपासणीत, गाडी अडकते.

कोथरूडचा_क्लच:

जबरदस्त प्रतिसाद, आभार. सेडानवर विंगचा बेत रद्द, छोटा ओठ लावतो. पण समजा कुणाकडे विंग आधीच आहे. ती काम करते की नाही, विंड टनेलशिवाय कसं कळेल?

ट्रॅकचा_हिशेब:

लोकरीचे धागे. सात-आठ सेंटिमीटरचे तुकडे, मास्किंग टेपने मागच्या काचेवर, डिकीवर आणि विंगच्या खालच्या बाजूला, पाच-सहा सेंटिमीटर अंतराने. बंद रस्त्यावर किंवा ट्रॅकवर ८० ला दुसऱ्या गाडीतून व्हिडिओ. धागे सरळ मागे असतील तर हवा चिकटून वाहतेय. गोल फिरत असतील, पुढे वळत असतील, तर तिथे हवा सुटली आहे. काचेवरचेच धागे नाचत असतील तर झाकणावरची बुटकी विंग घोळात बसली आहे. उंच करा, नाहीतर काढा. विंगच्या खालचे धागे मागच्या अर्ध्यात नाचतात म्हणजे कोन जास्त झाला.

कोनाची गंमत अशी की छतावरून हवा खाली उतरत येते, त्यामुळे विंगच्या मध्यभागी तिला कोन टोकांपेक्षा जास्त दिसतो. डिजिटल लेव्हलवर ८ अंश आलेत तरी मध्यभागी पंधराच्या आसपास असू शकतात, आणि तिथे पातं स्टॉल होतं, म्हणजे हवा पात्याला सोडते: दाब गेला, ड्रॅग राहिला. शून्यापासून सुरू करा, दोन-दोन अंशांनी वाढवा, प्रत्येक वेळी धागे बघा. आणखी थोडा दाब हवा असेल तर कोन वाढवण्याआधी मागच्या कडेला ५ ते १० मिमीची काटकोनी पट्टी लावून बघा. अमेरिकन रेसर डॅन गर्नीने १९७१ मध्ये वापरलेली युक्ती, आजही रेसमध्ये सर्रास आहे.

ड्रॅग मोजायचा तर बंद सरळीवर १२० ला न्यूट्रल करून १०० पर्यंत उतरायला लागणारा वेळ घ्या. वरच्या आकड्यांच्या गाडीत विंगशिवाय साधारण १३ सेकंद येतील, विंगसह सव्वाबारा ते साडेबारा. फरक एवढा बारीक असल्याने दोन्ही दिशांना पाच-पाच वेळा, तेवढ्याच पेट्रोलवर, त्याच टायर प्रेशरला, आणि झाडाची पानं हलत नसताना. समृद्धीवर हा उद्योग नको, मागून ट्रक येतोय.