टर्बो पेट्रोल सेकंड हँड, इंजिनाची बदनामी माहीत असूनही घ्यावी का?

घेऊ_की_नको:
मंडळी, एक सेकंड हँड गाडी आवडलीये. 2018 ची, 1.2 लिटर तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल, तेच ते प्यूजो-सिट्रोएनचं प्युअरटेक इंजिन. रनिंग 78 हजार किमी, एकच मालक, आतून बाहेरून चकाचक, घरचे तर रंगावरच फिदा. आणि काल रात्री उगाच वाचत बसलो आणि झोप उडाली, म्हणे टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणारा पट्टा) ऑइलमध्ये भिजतो, त्याचे तुकडे पडतात, इंजिन बसतं. मालकाला विचारलं तर म्हणाला आमच्या गाडीला कधी काही झालं नाही, नेटवर लोक काहीही लिहितात. मग हे इंजिन म्हणजे सरळ नाहीच म्हणायचं का नीट बघून घेता येते? आणि नीट म्हणजे काय बघायचं, कारण मला बोनेट उघडून मान डोलावण्यापलीकडे काही येत नाही 😅

डिपस्टिक:
लोक काहीही लिहितात हे खरं, पण हे त्यातलं नाही. कंपनीनेच 2024 मध्ये युरोपात या बेल्टसाठी आणि जास्त ऑइल खाण्यासाठी वॉरंटी 10 वर्षं किंवा 1 लाख 75 हजार किमीपर्यंत वाढवली, तीही सर्व्हिस वेळेवर झालेली असेल तरच. नंतरच्या हायब्रिड इंजिनात तर बेल्ट काढून चेनच टाकली, यात काय ते समजा.

होतं काय की गाडी जवळजवळच्या फेऱ्यांनाच वापरली की इंजिन पुरतं तापत नाही, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, त्यात भिजून बेल्टचं रबर फुगतं, मग सालं निघतात आणि ती ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. प्रेशर पडलं की टर्बोचे हाल, कारण त्याचा शाफ्ट मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फिरतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. आणि ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम पंपही त्याच ऑइलवर, म्हणजे कचरा तिथे गेला की पेडल दगडासारखं.

बरं, सोय अशी आहे की ऑइल भरायच्या झाकणातून बेल्ट दिसतो. त्याची रुंदी बघायचं माप असतं, बेल्ट फुगलेला असेल तर माप बसतच नाही. पाच मिनिटांचं काम. आणि प्रत्येक सर्व्हिसच्या बिलावर ऑइलचा ग्रेड लिहिलाय का बघा, नुसतं 'इंजिन ऑइल' लिहिलेलं बिल मी तरी धरत नाही.

गार_इंजिन:
एकच सांगतो, गाडी गारच बघायची!! मी एक टर्बो घेतली होती, नाव नको. बघायला गेलो तेव्हा मालकाने 'तुमच्यासाठीच चालू करून ठेवली' म्हणत चावी दिली आणि मी पण गधा खूश. इंजिन धुऊन पुसून आरशासारखं. घरी आणली, दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्ट केली तर पहिले तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज. टायमिंग चेनचा टेन्शनर, म्हणजे चेन ताणून धरणारा भाग, गेलेला. गरम इंजिनात तो आवाज येतच नाही. वरून कीर्तन आतून तमाशा. तेव्हापासून मी आधी बोनेटवर हात ठेवतो, कोमट लागला की चहा पिऊन परत.

तीन_सिलिंडर_भक्त:
अहो अशाने कुठलीच टर्बो घेता येणार नाही. होंडाच्या 1.5 टर्बोत थंड हवेत पेट्रोल ऑइलमध्ये मिसळायचं. ह्युंदाईच्या थीटा 2 इंजिनात क्रँकशाफ्टच्या ऑइलच्या वाटेत मशीनिंगचा चुरा राहिला म्हणून 2015 मध्ये अमेरिकेत लाखो सोनाटा परत बोलावल्या. फोर्डच्या 1.0 इकोबूस्टलाही 2023 च्या डिसेंबरमध्ये तिथेच ऑइल पंपाच्या बेल्टच्या टेन्शनरसाठी रिकॉल. दोष माहीत असलेली गाडी उलट बरी, निदान कुठे बघायचं ते कळतं. ज्या इंजिनाबद्दल कोणीच काही लिहीत नाही ते घेणं म्हणजे पाण्यातल्या म्हशीचं मोल करणं.

डिपस्टिक:
@तीन_सिलिंडर_भक्त हे पटलं, पण अर्धंच. दोष माहीत असून उपयोग काय, या गाडीत त्याचं काम झालंय का हे कागदावर नको का? चासी नंबर टाकून रिकॉल बाकी आहे का ते बघता येतं.

आणि अजून एक, गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारा स्कॅनर लावलात तर एरर नाही एवढ्यावर समाधान मानू नका, रेडिनेस मॉनिटर बघा, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पूर्ण केल्यात का ते. सगळे 'अपूर्ण' दिसले तर कोणीतरी आदल्या दिवशी एरर पुसलेत किंवा बॅटरी काढलीये.

घेऊ_की_नको:
सगळ्यांचे आभार. आत्ताच मालकाला मेसेज केला, उद्या सकाळी सात वाजता येतो, गाडी रात्रभर बंद राहू दे, सोबत मेकॅनिक आहे, बेल्टची रुंदी मोजणार आणि सर्व्हिसची बिलं बघायची आहेत. दोन निळ्या टिका आल्या. मग 'टायपिंग' दिसत राहिलं बराच वेळ. मग काहीच नाही. आणि आता जाहिरातच गायब 🙄