रविवारच्या टोकनचं काय?

शुभाकाकू: ग्रुपवर लिहू नये असं वाटत होतं, पण आता राहवत नाही. घरमालकांनी भाडं १५ चं १७ हजार केलं, तरी आमचे चिरंजीव परत ११ महिन्यांचा करार करायला निघालेत. तीन वर्षांत दोनदा सामान हलवलं. देवघर कुठे ठेवायचं हेसुद्धा मालकाला विचारून. मोठ्यांनी काय ते सांगा आता.

चिन्मय: आई, हे इथे कशाला?

शुभाकाकू: घरात ऐकतोस का?

बाळूकाका: मी कधीपासून सांगतोय. भायलीला आपल्या ओळखीच्यांची स्कीम आहे. टू बीएचके, ५२ लाख. रविवारपर्यंत ५२, सोमवारपासून ५४. टोकन देऊन टाका.

पप्पू: मामा, नवरात्रीतही 'रविवारपर्यंत'च होतं.

बाळूकाका: तेव्हा ४९ होते. ऐकलं असतं तर ३ लाख वाचले असते.

ऋचा: काका, कार्पेट, म्हणजे घराच्या आतली जागा, किती आहे?

बाळूकाका: ११८० फूट.

ऋचा: ते सुपर बिल्टअप असेल ना? कार्पेट विचारत होते.

बाळूकाका: चांगला ऐसपैस आहे. बाल्कनीतून बाग दिसते.

नलूआत्या: भायलीतून चिन्मय हालोलला जाणार कसा? सगळं बडोदं ओलांडून? कंपनीची बस तिकडे येते का रे?

चिन्मय: नाही आत्या. बस अमितनगरला पकडावी लागेल. पहिल्या शिफ्टला पहाटे पाचच्या आत घर सोडायचं.

बाळूकाका: नोकऱ्या बदलतात. घर राहतं. भाडं भरणं म्हणजे दुसऱ्याचा हप्ता आपण फेडणं.

पप्पू: मामा, वाड्याचं भाडं किती भरता तुम्ही?

बाळूकाका: तो विषय नाही.

नलूआत्या: ६२ रुपये भरतो दादा. महिन्याचे.

बाळूकाका: नले, ते जुनं भाडं आहे. भाडेनियंत्रण कायदा १९४७ चा आहे. फुकट राहत नाही मी.

नलूआत्या: मी कुठे कायद्याचं म्हटलं? ६२ म्हटलं. आणि कौलं मालक शिवत नाही, पावसाळ्यात दर खोलीत एक पातेलं असतं, तेही म्हणायला हवं.

विलासराव: आम्ही मांजलपूरला टेनामेंट, छोटं स्वतंत्र घर, घेतलं १९८६ साली. तेव्हा दादांचे शब्द होते, इतक्या लांब जंगलात कोण राहायला जाणार. आज त्या जंगलात पार्किंग मिळत नाही. 🙏

बाळूकाका: विलासराव, तेव्हा आई आजारी होती. दांडिया बाजारच्या वाड्यात कोणीतरी राहायला हवं होतं. ज्यांना जायचं होतं ते गेले.

नलूआत्या: हे बघ, आता हे नको.

शुभाकाकू: भाऊजी, वन्सं, विषय चिन्मयचा चालला होता.

बाळूकाका: तोच तर सांगतोय. टू बीएचके, ५२ लाख. रविवारपर्यंत ५२, सोमवारपासून ५४.

मेघाताई: बाबा, रागावू नका, पण ५२ म्हणजे ५२ नाहीत. बांधकाम चालू आहे, बीयू, इमारत वापरायची परवानगी, आलेली नाही, म्हणजे जीएसटी लागणार. ४५ लाखांच्या वर ५ टक्के, म्हणजे २ लाख ६० हजार. स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के, जवळजवळ २ लाख ५५ हजार. नोंदणी फी १ टक्का, ५२ हजार. झाले साडेपाच लाखांच्या वर. वीज मीटर, लीगल आणि मेंटेनन्स डिपॉझिट अजून धरलेलंच नाही. एवढं कर्ज असेल तर बँक ८० टक्क्यांच्या वर देत नाही, म्हणजे ४१ लाख ६० हजार. उरलेले १० लाख ४० हजार पदरचे. सगळं मिळून हातात १६ लाख हवेत. चिन्मय, किती आहेत?

चिन्मय: दोघांचे मिळून ११. त्यात ऋचाची एफडी आली.

मेघाताई: बरं, पुढे. ४१.६ लाखांचं कर्ज ८ टक्क्यांनी २० वर्षांचं धरलं तर हप्ता ३४,८०० च्या आसपास. पहिल्या हप्त्यातले पावणेअठ्ठावीस हजार नुसतं व्याज. ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच. उलट बाजूने बघा. १७ हजारांनी वर्षाचं भाडं २ लाख ४ हजार. ५२ लाखांच्या घराला ४ टक्केसुद्धा पडत नाही.

बाळूकाका: माझी मुलगी बँकेत लागली तेव्हापासून तिला बापाचं गणित चुकीचंच वाटतं.

मेघाताई: बाबा.

पप्पू: मेघाताई, पुण्यात तू काय केलंस ते पण सांग की.

मेघाताई: घेतलं. पण तयार घेतलं, ताबा असलेलं. हप्ता सुरू झाला त्याच महिन्यात भाडं थांबलं. भाड्यानेच राहा असं मी कुठे म्हणतेय? हे घर आणि ही वेळ, एवढंच बोलतेय.

शुभाकाकू: टॅक्समध्ये सूट मिळते ना गं घराच्या कर्जाला? चिन्मयचे बाबा नेहमी म्हणायचे.

मेघाताई: काकू, जुन्या पद्धतीत मिळते, व्याजावर २ लाखांपर्यंत. नवी पद्धत घेतली तर स्वतः राहायच्या घराला नाही. हा नवीच भरतो ना?

चिन्मय: हो.

विलासराव: आमच्या वेळी एवढे आकडे नव्हते. सोसायटीच्या सेक्रेटरीला चहा पाजायचा आणि चावी घ्यायची.

पप्पू: पप्पा, तुम्ही एलआयसीचं कर्ज पंधरा वर्षं फेडत होतात. मला सायकल मिळाली नव्हती त्यामुळे.

नलूआत्या: मिळाली होती. जुनी.

शुभाकाकू: सगळे हसतायत, पण मला सांगा, उद्या मालक म्हणाला खाली करा, तर? मूल झालं, शाळेत घातलं, आणि मग खाली करा म्हणाला तर?

ऋचा: आई, तुमचं म्हणणं खरंय. मलाही स्वतःचं हवंय. मागच्या मालकांनी भिंतीला खिळा ठोकू दिला नव्हता, ते मी विसरले नाही. फक्त हे नकोय मला.

पप्पू: आणि कोणी सांगितलं तरी खालचा मजला घेऊ नका. ऑगस्ट २०२४ ला आमच्या समाच्या फ्लॅटमध्ये पाणी शिरलं तेव्हा फ्रिज दारापर्यंत तरंगत आला होता. विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर, धोक्याची पातळी २६. समोरचे भाडेकरू पाणी उतरलं तसे टेम्पो बोलावून गेले. मी अजून प्लॅस्टर करतोय. आता विकायला काढलं तर माणूस आधी भिंतीवरची रेघ बघतो.

विलासराव: मगरीला मेंटेनन्स लावला होता का?

पप्पू: पप्पा, त्या सोसायटीत खरंच आली होती. वनखात्याची माणसं नेऊन गेली.

बाळूकाका: भायलीत पाणी नाही येत.

नलूआत्या: भायलीत ऑफिस पण नाही येत.

ऋचा: काका, कार्पेट?

बाळूकाका: विचारून सांगतो म्हटलं ने.

चिन्मय: काका, स्कीमचा रेरा नंबर, सरकारी नोंदणीचा, पाठवता का? साइटवर बघून घेतो. कार्पेट तिथे असतंच.

(बाळूकाकांनी हा मेसेज डिलीट केला आहे.)

मेघाताई: बाबा, टोकन किती मागितलंय?

बाळूकाका: ११ लाख. बानाखत, खरेदीचा करार, मग करतील.

मेघाताई: बानाखत नोंदवायच्या आधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेताच येत नाहीत. रेरात स्पष्ट आहे. ५२ चे १० टक्के ५ लाख २० हजार. आणि यांच्याकडे नेमके ११ आहेत, ही गंमतच आहे.

बाळूकाका: तुला काय म्हणायचंय?

मेघाताई: काही नाही. बिल्डरला कसं कळलं एवढंच.

शुभाकाकू: मीच भाऊजींना बोलले होते ११ आहेत म्हणून. त्यात काय?

ऋचा: मला एक विचारायचं होतं. जेव्हा केव्हा घेऊ तेव्हा दस्तावेज माझ्या एकटीच्या नावावर केला तर नोंदणी फी लागत नाही, बायकांना माफ आहे. ५० हजार वाचतात. आम्ही दोघं बोललोय.

शुभाकाकू: एकटीच्या म्हणजे चिन्मयचं नाव नाही?

ऋचा: पुरुषाचं नाव जोडलं की माफी जाते आई.

शुभाकाकू: बरं.

शुभाकाकू: नाही, तुमचं तुम्ही ठरवा. आमचं काय.

नलूआत्या: शुभा, माझं टेनामेंट माझ्याच नावावर आहे. विलासराव रस्त्यावर आले का?

विलासराव: मला दुपारी आत झोपू देतात. 🙏

शुभाकाकू: मी तसं काही म्हटलं नाही वन्सं.

नलूआत्या: म्हटलं नाहीस, पण 'बरं' लिहिलंस.

चिन्मय: आई, संध्याकाळी येतो, बसून बोलू. इथे नको.

बाळूकाका: एवढं कशाला फी-बी मोजताय. ते दस्तावेज ३८ चा करून देतात. जंत्रीच्या, सरकारी दराच्या, वर आहे, काही अडत नाही. जीएसटी पण मग १ टक्काच. स्टॅम्प कमी, नोंदणी कमी. मेघाचं अर्धं गणित तिथेच संपलं.

मेघाताई: आणि वरचे १४?

बाळूकाका: ते हातात.

मेघाताई: रोख १४ लाख? बाबा, मग बँक ३८ वरच कर्ज देणार, ३० लाखांच्या आसपास. म्हणजे यांनी स्वतःचे २२ आणायचे, शिवाय खर्च. ११ आहेत. त्यातही घराच्या व्यवहारात २० हजार किंवा वर रोख घ्यायला बंदी आहे, दंड घेतलेल्या रकमेएवढा. उद्या विकायला काढलं तर कागदोपत्री ३८ लाच घेतलेलं. नफा जास्त दिसणार आणि त्यावर कर हेच भरणार.

बाळूकाका: सगळं बडोदं असंच करतं.

नलूआत्या: दादा, आपण नाही केलं. बाबांनी हयातीत कुणाला कच्ची पावती दिली नाही, हे तूच सगळ्यांना सांगतोस.

पप्पू: मामा, खरं सांगा, दलाली किती टक्के?

बाळूकाका: पप्पू, तोंड सांभाळून. मी चिन्मयला अंगाखांद्यावर खेळवलाय. या वयात दलाली करीन? बिल्डरचे वडील आणि मी शाळेत एका बाकावर होतो, म्हणून शब्द टाकला.

पप्पू: सॉरी मामा. गंमत होती.

बाळूकाका: गंमत नव्हती.

चिन्मय: काका, तुम्ही आमच्यासाठीच केलंत हे मला माहीत आहे. टोकन मात्र नाही देत. रोखीचं ऐकल्यावर तर नाहीच.

ऋचा: रेराच्या साइटवर सापडली स्कीम. कार्पेट ६६० फूट. म्हणजे कार्पेटला फुटामागे ७,९०० च्या आसपास पडतोय. आत्ताचा भाड्याचा फ्लॅट मी टेपने मोजला, तो ७०० भरला.

नलूआत्या: ११८० चे ६६०? बाकीचे कुठे गेले, लिफ्टमध्ये?

मेघाताई: लिफ्ट, जिना, लॉबी, क्लब हाऊस. हो.

बाळूकाका: मला ११८० च सांगितलं होतं.

शुभाकाकू: मग आता काय ठरलं? भाड्यानेच राहायचं का जन्मभर?

चिन्मय: नाही आई. ११ महिने राहतो. तेवढ्यात वाघोडिया रोडकडे, हालोलच्या बाजूला, बीयू आलेलं तयार घर बघतो. ४० च्या आतलं, भले जुनं असेल. तयार असेल तर जीएसटी नाही, भाडं आणि हप्ता एकदम नाही. ११ चे तोवर १४ होतील.

शुभाकाकू: वाघोडिया रोडला पाणी येतं का?

पप्पू: मामी, मी येतो बघायला. भिंती मला वाचता येतात आता.

शुभाकाकू: मी पण येणार. आणि काका पण येतील. भाऊजी, याल ना?

बाळूकाका: बोलावलं तर येईन.

नलूआत्या: बोलावलंय ने आता. अजून पत्रिका छापायची का?

मेघाताई: चिन्मय, नवा करार सही करायच्या आधी दोन गोष्टी बघ. नोटीस एक महिन्याची दोन्हीकडून आहे का. आणि पुढची भाडेवाढ किती, ते आत्ताच लिहून घे.

चिन्मय: मालक म्हणतात, ठरलेली १० टक्के असते.

पप्पू: १५ वर १० टक्के म्हणजे साडेसोळा. मग १७ कसे?

चिन्मय: थांब, त्यांनाच फोन लावतो.