स्टार ट्रेक: फॅन लोकांत बोललं की मार पडेल अशी तुमची मतं सांगा

वार्पवेडा

मंडळी, इथे स्टार ट्रेक (अंतराळातल्या अमेरिकन विज्ञानकथा मालिका आणि पिक्चर) बघणारे बरेच आहेत म्हणून धागा काढतोय. प्रत्येकाचं एक तरी असं मत असतं की ते बोललं रे बोललं की बाकीचे फॅन अंगावर येतात. ते इथे लिहा. फक्त "अमुक भंगार, तमुक भारी" एवढ्यावर थांबू नका, का वाटतं ते पण सांगा.

सुरुवात मीच करतो. माझ्या मते १९७९ चा पहिला पिक्चर, 'द मोशन पिक्चर', हा सगळ्या ट्रेक पिक्चरांमधला सगळ्यात अस्सल ट्रेक आहे. आणि १९८२ चा 'द रॅथ ऑफ खान', जो सगळ्यांचा लाडका आहे, त्याने पुढच्या पिक्चरांना एक वाईट सवय लावली जी अजून सुटलेली नाही.

हो, पहिला पिक्चर संथ आहे, मान्य. नायक कर्क आणि इंजिनियर स्कॉटी छोट्या पॉडमधून आपल्या एंटरप्राइझ जहाजाभोवती चक्कर मारतात तो सीनच पाच-सहा मिनिटं चालतो, जवळपास डायलॉग नाहीत, नुसतं जेरी गोल्डस्मिथचं संगीत. लोक तिथे फॉरवर्ड करतात. पण विचार करा, मालिका १९६९ ला बंद पडली, मग दहा वर्षं फॅन लोकांनी रिपीट एपिसोडवर काढली आणि आता पहिल्यांदा ते जहाज मोठ्या पडद्यावर, आणि कर्क तर त्या जहाजासाठी आतून तुटत चाललेला माणूस आहे, त्याला अ‍ॅडमिरल करून टेबलावर बसवलंय, मग तो बघणारच ना डोळे भरून!

पण माझा मुख्य मुद्दा व्हीजरचा. पृथ्वीकडे एवढं अजस्र काहीतरी येतंय, वाटेत क्लिंगॉन नावाच्या परग्रही लोकांची जहाजं पुसून टाकतंय, आणि शेवटी कळतं काय तर ते माणसानेच पाठवलेलं एक व्हॉयेजर यान आहे, त्याने जगातली सगळी माहिती गोळा केलीय आणि आता आपल्याला बनवणाऱ्याला शोधत परत आलंय, कारण एवढं सगळं कळूनही पुढे काय हे त्याला कळत नाही. कर्कचा परग्रही मित्र स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडून (माइंड मेल्ड) येतो, जहाजाच्या दवाखान्यात पडल्या पडल्या कर्कचा हात धरतो आणि सांगतो की ही साधी भावना त्या यंत्राला कधी समजणारच नाही. आयुष्यभर भावना मारत आलेला माणूस हे बोलतोय! म्हणजे ज्याला सगळे शत्रू समजत होते तो शत्रू नाहीच, ते एक हरवलेलं पोर आहे आणि प्रश्न सुटतो तो त्याला समजून घेतल्यावर. यापेक्षा जास्त ट्रेक काय असतं?

आणि कर्कवर सूड घेणाऱ्या त्या खाननंतर बघा. २००२ चा 'नेमेसिस', बदला. २००९ चा रीबूट, नीरोचा बदला. २०१३ चा 'इनटू डार्कनेस', परत खानच. २०१६ चा 'बियाँड', त्यात पण क्रॉलचा राग. 'फर्स्ट कॉन्टॅक्ट' मला आवडतो पण त्यात सुद्धा कॅप्टन पिकार्ड बोर्ग या अर्धयंत्र शत्रूंवर सूड घ्यायला निघालाय. दर वेळी एक दातओठ खाणारा व्हिलन आणि एक मोठं हत्यार.

तुमचं सांगा आता.

---

नाशिकची_ट्रिबल

दादा, मांडणी चांगली आहे पण खानबद्दल अजिबात पटलं नाही. 'रॅथ ऑफ खान' बदल्याचा पिक्चर आहे असं म्हणणारे खानकडे बघतात, कर्ककडे बघतच नाहीत. त्यात कर्कचा वाढदिवस आहे, त्याला चष्मा भेट मिळतो, वय झालंय हे पचत नाहीये, ज्याच्यापासून कायम दूर राहिला तो मुलगा समोर येतो, आणि आयुष्यभर हरणं टाळत आलेल्या या माणसाला शेवटी काचेपलीकडे मरणारा मित्र बघावा लागतो. खान आणि कर्क संपूर्ण पिक्चरमध्ये एकदाही समोरासमोर येत नाहीत, फक्त स्क्रीनवर बोलतात, हे लक्षात घ्या. नंतरच्यांनी व्हिलन तेवढा उचलला आणि म्हातारपण, मरण हे सगळं सोडून दिलं, त्यात दिग्दर्शक निकोलस मायरचा काय दोष? आणि बजेट पण बघा, पहिल्याला साधारण साडेचार कोटी डॉलर लागले होते, याला त्याच्या जेमतेम पाव खर्च आला. अपुऱ्या पैशात एवढं जमलं.

आता माझं मत. डॉक्टर पुलास्की ही क्रशरपेक्षा चांगली डॉक्टर होती. हाणा मला.

'नेक्स्ट जनरेशन' या नंतरच्या ट्रेक मालिकेचा दुसरा सीझन, १९८८-८९. क्रशर करणारी गेट्स मॅकफॅडन नव्हती म्हणून पुलास्कीच्या रोलमध्ये डायना मुल्दार आली. सगळ्यांचा राग कशावर तर ती डेटा या अँड्रॉइड अधिकाऱ्याला यंत्र समजते, त्याचं नाव चुकीचं उच्चारते. अहो पण जहाजावरच्या बाकी सगळ्यांनी डेटाला आधीच स्वीकारलेलं आहे, मग तो माणूस आहे की वस्तू हा प्रश्न उभा कसा राहणार? कोणीतरी शंका घेणारं लागतंच ना घरात. आणि ती बदलते हे कोणी सांगत नाही. 'पीक परफॉर्मन्स'मध्ये तीच डेटाला त्या घमेंडी कोलरामीशी खेळायला भरीला घालते, तो हरतो आणि स्वतःतच बिघाड शोधत बसतो तेव्हा तिला वाईट वाटतं, ती त्याला समजवायला जाते. जहाजावरच्या क्लिंगॉन वॉर्फला तो त्यांच्यातला लहान मुलांचा आजार होतो ते ती लपवून ठेवते, आणि नंतर क्लिंगॉन चहाचा विधी, जो चहा माणसाला विषारी आहे, तो ती आधी औषध घेऊन त्याच्यासोबत पिते. त्या दोघांचा तो सीन बघा आणि मग मला सांगा ती खडूस आहे. शिवाय पन्नाशीतली, तीनदा लग्न झालेली, कॅप्टनला तोंडावर बोलणारी बाई १९८८ साली टीव्हीवर, मला तरी फार आवडली होती.

---

डीपस्पेस_कोल्हापूर

पुलास्कीला +१. तिला अजून एक सीझन मिळायला हवा होता.

माझं मत वाचून 'डीप स्पेस नाईन'वाले माझेच मित्र चिडतील: डीएसनाईन डार्क नाहीये. सगळीकडे लिहितात की याने ट्रेकचे आदर्श मोडीत काढले, पुरावा म्हणून 'इन द पेल मूनलाइट' देतात, ज्यात नायक कॅप्टन सिस्को खोटेपणा करून तटस्थ असलेल्या रोम्युलन लोकांना युद्धात ओढतो. पण तो एपिसोड बघताना लोक शेवटचा टाळीबाज डायलॉग लक्षात ठेवतात आणि त्याआधीची चाळीस मिनिटं विसरतात. तो माणूस एकटा बसून स्वतःच्याच लॉगला सगळं सांगतोय आणि मग ते पुसून टाकतोय, कारण त्याला ते सहन होत नाही. जमलं, मी यासोबत जगू शकतो असं तो स्वतःला पटवतोय आणि सिस्को करणाऱ्या एव्हरी ब्रूक्सच्या चेहऱ्यावर दिसतं की पटलेलं नाही. आदर्श मोडल्यावर माणसाचं काय होतं हे दाखवायला आदर्श आधी मानावे लागतात, नाही का.

आणि मालिकेचा शेवट बघा ना. १९९९, ते सगळं डॉमिनियन युद्ध संपतं कसं? रूप बदलणारा ओडो शत्रूच्या आजारी म्होरक्या फाउंडर बाईशी लिंक होतो, म्हणजे तिच्यात मिसळतो, आणि तिला बरं करतो. रोग कोणी पसरवला होता? सेक्शन ३१ ने, म्हणजे आपल्याच बाजूच्या लोकांनी. म्हणजे ज्यांनी "युद्धात सगळं चालतं" म्हणून विष घातलं त्यांच्यामुळे युद्ध संपत नाही, शत्रूला औषध देणाऱ्यामुळे संपतं. वार्पवेडा, तुमचा व्हीजरवाला मुद्दा इथे पण आहे बघा. म्हणून सेक्शन ३१ ला हिरो करून जे काही नंतर केलं, २०२५ चा तो पिक्चर धरून, ते मला मनापासून चुकीचं वाटतं. त्यातली मिशेल योह कितीही चांगली असली तरी.

---

अंबरनाथ_अकादमी

मी धाकटी फॅन आहे, माझी सुरुवात 'डिस्कव्हरी' या नव्या ट्रेक मालिकेपासून झाली. त्यामुळे सगळे मला खरी फॅन मानतच नाहीत, ठीक आहे.

माझं मत: तिसऱ्या सीझनमधल्या द बर्नचं कारण हे डिस्कव्हरीतलं सगळ्यात चांगलं लिखाण आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी, आकाशगंगेतलं जवळपास सगळं डायलिथियम (जहाजांच्या वार्प इंजिनाला लागणारं खनिज) एका क्षणी निकामी होतं, वार्प म्हणजे प्रकाशापेक्षा वेगवान प्रवास चालू असलेली जहाजं फुटतात, फेडरेशन हा ग्रहांचा संघ तुटतो, आणि शंभर वर्षं कोणाला कळत नाही की का. सगळ्यांना वाटत होतं गुप्त हत्यार निघणार, नवीन शत्रू निघणार. निघतो तो सुकाल, एका तुटलेल्या जहाजात एकटा वाढलेला केल्पियन मुलगा, आई डोळ्यासमोर गेली तेव्हा त्याने फोडलेली किंकाळी. इंटरनेटवर याची केवढी चेष्टा झाली, "एक पोरगं रडलं म्हणून जग बुडालं". मी ते बघून रडले होते, खरंच. एवढ्या मोठ्या विनाशामागे कोणाचाही दुष्टपणा नाही, आणि उपाय काय तर त्याच्याच जमातीचा सारू खाली उतरून त्याच्याशी त्याच्याच माणसासारखा बोलतो, त्याला दाराबाहेर यायला मदत करतो. वर वार्पवेडा व्हीजरला हरवलेलं पोर म्हणाले ते वाचून मला पटकन हेच आठवलं.

चौथ्या सीझनमध्ये तर व्हिलनच नाही जवळजवळ. टेन-सी हे जीव खाणकाम करतायत, त्यांना माहीतच नाही की वाटेत कोणाचे ग्रह उद्ध्वस्त होतायत, आणि पूर्ण शेवट त्यांच्याशी बोलायचं कसं यावर आहे, वास आणि रसायनं आणि दिवे वापरून एकेक कल्पना जुळवत. जे लोक "आता जुना ट्रेक राहिला नाही" म्हणतात त्यातल्या किती जणांनी हे शेवटपर्यंत बघितलंय?

डिस्कव्हरीत प्रॉब्लेम नाहीत असं नाही, दर सीझनला जग बुडायलाच पाहिजे का हा प्रश्न मला पण पडतो, आणि ब्रिजवरच्या बाकी लोकांची नीट ओळखच होत नाही, डेटमर आणि ओवो यांना पाच सीझनमध्ये काय मिळालं? पण द बर्नवर हसू नका प्लीज.

---

वार्पवेडा

@अंबरनाथ_अकादमी, तुम्ही खऱ्या फॅन आहात, ते इतरांनी ठरवायचं नसतंच. आणि तुमचा मुद्दा तर १९६७ पर्यंत मागे जातो. मूळ मालिकेतला 'द डेव्हिल इन द डार्क' बघितलाय का? खाणीत कामगार मारले जातायत, सगळे त्या राक्षसाला मारायला निघालेत, आणि कळतं की हॉर्टा ही आई आहे आणि कामगार जे गोल दगड समजून फोडतायत ती तिची अंडी आहेत. तिथून व्हीजर, तिथून १९८६ चा देवमाशांचा पिक्चर (व्हिलन नाही आणि तरी जोरात चालला, स्टुडिओवाल्यांनी हे कसं विसरावं?), तिथून सुकाल आणि टेन-सी. ही एक सलग रेघ आहे आणि माझ्यासाठी तीच ट्रेक.

@नाशिकची_ट्रिबल, खानमध्ये म्हातारपण आहे हे शंभर टक्के मान्य, स्पॉकच्या मरणाला मी पण दर वेळी हलतो. पण दोष पिक्चरचा नाही म्हणालात, माझं म्हणणं परिणामाचं आहे. ते तसंच राहतं.

---

गिरगाव_स्टेशन

पहिल्या पिक्चरचा विषय निघालाय आणि पर्सिस खंबाटाचं नाव कोणीच घेतलं नाही? आपल्या मुंबईची मुलगी, १९६५ ची मिस इंडिया, त्या पिक्चरसाठी खरंच डोकं भादरून घेतलं तिने. माझं मत हे की पिक्चरमधला सगळ्यात अवघड रोल तिचा होता आणि त्याचं श्रेय तिला कधी मिळालं नाही, टकलाचीच चर्चा झाली. तिने केलेली इलिया मरते आणि त्याच शरीरात व्हीजरचा प्रोब येतो, तिथून पुढे चेहरा कोरा ठेवायचा, आवाज सपाट ठेवायचा, आणि मधेच जुन्या प्रियकराला, डेकरला, बघून जुनी इलिया क्षणभर वर येते आणि परत बुडते. तो हेडबँडचा सीन बघा, फक्त डोळ्यांनी केलंय. ती १९९८ ला मुंबईतच गेली, पन्नाशीच्या आसपास.

आणि दुसरं, खान नूनियन सिंग. मूळ एपिसोडमध्ये तो उत्तर भारतातला, बहुतेक शीख असं सरळ सांगितलंय. साठच्या दशकात मेक्सिकोचा रिकार्डो माँटालबान घेतला, माणसाने जीव ओतला, त्या काळाच्या मानाने समजू शकतो. पण २०१३ मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच? जगभरात एवढे भारतीय नट असताना? कंबरबॅचचं काम वाईट नाही पण मला तो पिक्चर याच एका कारणाने कधी पूर्ण आवडू शकला नाही. ज्या मालिकेने १९६६ मध्ये ब्रिजवर कृष्णवर्णीय उहुरा आणि आशियाई सुलू बसवले तिच्याकडून अपेक्षा जास्त असते.

---

नाशिकची_ट्रिबल

गिरगाव, पर्सिसबद्दल लिहिलंत ते फार बरं केलंत. अवांतर: डेकर आणि इलिया ही जोडीच पुढे रायकर आणि ट्रॉय म्हणून 'नेक्स्ट जनरेशन'मध्ये आली, जुनं प्रेम, एकाच जहाजावर परत गाठ, सगळं तेच. म्हणजे ट्रॉयची मूळ पर्सिसच. कंबरबॅचबद्दल तर पूर्ण सहमत.

---

अंबरनाथ_अकादमी

हॉर्टा बघितला आत्ताच. कर्क म्हणतो थांबा, मारू नका, आणि सुरुवातीला मारायला तोच निघालेला असतो! आता पहिला पिक्चर बघायचाय, पण दोन-तीन व्हर्जन दिसतायत, कुठलं बघू?

---

वार्पवेडा

डिरेक्टर्स एडिशन. १९७९ मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट वाईजला एडिटिंगला वेळच मिळाला नव्हता, पिक्चर कसाबसा प्रीमियरला पोचला, २००१ मध्ये त्याने तो नीट पूर्ण केला आणि २०२२ मध्ये त्याचंच ४के आलं, ते घ्या. मोबाईलवर बघू नका आणि हेडफोन किंवा बरे स्पीकर लावा, व्हीजरसाठी जो खोल धातूसारखा आवाज येतो तो ब्लास्टर बीम नावाच्या वाद्याचा आहे, त्याच्याशिवाय अर्धी मजा जाते. ढगात शिरल्यावरचा मोठा भाग संथ आहे, तिथे फॉरवर्ड करू नका. बघून झाल्यावर इथे लिहा, नाही आवडला तरी लिहा.