महागडे इन-इअर हेडफोन: घडण आणि आवाज कसा पारखावा?

प्रश्न (लातूर): नमस्कार. बऱ्याच दिवसांची बचत मोडून वायरचे इन-इअर हेडफोन घेतले. धातूची घडण अतिशय सुबक आहे, परंतु भजनातल्या पखवाजाचा डावीकडचा, कणीक लावलेल्या तोंडाचा घुमारा पोकळ वाटतो. हा ड्रायव्हरचा (हेडफोनमधल्या आवाज निर्माण करणाऱ्या भागाचा) दोष समजावा का?

उत्तर (नांदेड): एवढ्यात तसे समजू नका. कानाची पोकळी टिपने (हेडफोनच्या टोकावरच्या, कानात जाणाऱ्या मऊ टोपीने) नीट बंद झाली नाही, तर सर्वप्रथम खर्जच गळतो. फोमची टिप चिमटीत दाबून, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर-मागे ओढून आत बसवा आणि ती फुगेपर्यंत धरून ठेवा. दोन्ही कानांची मापे वेगळी असू शकतात. मला स्वतःला डावीकडे मोठी टिप लागते.

उत्तर (परभणी): टिपबद्दल सहमत. शिवाय बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (चुंबकांमधल्या सूक्ष्म पात्याच्या कंपनाने आवाज काढणारा प्रकार) असल्यास, प्लेअरचा आउटपुट इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा त्याचा अंतर्गत विरोध) हेडफोनच्या इम्पीडन्सच्या एक-अष्टमांशाहून कमी, म्हणजे १६ ओहमसाठी २ ओहमच्या आत असावा, अन्यथा स्वरांचा तोल बदलू शकतो. दोन हेडफोनची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा, कारण किंचित मोठा आवाज बहुधा सरस भासतो.

प्रश्नकर्ता: मोठी टिप लावली आणि घुमारा परतला! मनःपूर्वक आभार.