उत्तर: जेवणानंतर घेतली तरी…

वर एका ताईंनी लिहिलंय की गुडघेदुखीची गोळी जेवून, दुधासोबत घेतली की काही होत नाही. अर्धंच खरं आहे ते. जळजळ कमी होते, पण आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक ही त्या गोळ्यांतली वेदनाशामक औषधं रक्तात गेल्यावर पोटाच्या अस्तराचं संरक्षणच कमी करतात. म्हणून इंजेक्शन घेतलं तरी अल्सर होऊ शकतो. शौच डांबरासारखी काळी झाली तर गोळी बंद करून थेट दवाखाना गाठा.

नागपूरकरांनी मूत्रपिंडाचा विचार जास्त करावा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर, अंगातलं पाणी आटलेलं, त्यात बीपीची टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकाच गोळीत (आमच्या बाबांची तशीच आहे), आणि वरून ही वेदनाशामक. हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटतो. उलट्या-जुलाब किंवा ऊन लागलं असेल तर ही गोळी नकोच बाप्पा!

पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचा. कॉम्बिफ्लाममध्ये आयब्युप्रोफेन ४०० आणि पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम असतं. त्यावर ताप म्हणून क्रोसिन घेतली की पॅरासिटामॉल डबल. दोन वेदनाशामकं एकदम घेतल्याने दुखणं काही दुपटीने थांबत नाही, त्रास मात्र वाढतो.

हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल, तर आयब्युप्रोफेनआधी डॉक्टरांना विचाराच. गुडघ्याला आधी डायक्लोफिनॅकचं जेल लावून बघा, रक्तात फार कमी जातं.